सिस्टरना विचारा: आमचं म्हणणं वरपर्यंत जाणार कसं?

मागच्या अंकात मी एका ओळीत लिहून गेले होते की आरोग्याचं धोरण ठरवताना नर्सला विचारलं पाहिजे, आणि त्या एका ओळीवर इतकी पत्रं आणि मेसेज आले की या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवले. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, चार पत्रं घेतलीत. नावं छापत नाही, कारण बहुतेकजण नोकरीत आहेत.

प्रश्न: सिस्टर, नमस्कार. माझी अकरा वर्षं सर्व्हिस झाली. तुम्ही लिहिलंत ते वाचायला बरं वाटलं पण खरं सांगू का, नाइटला मी एकटी, समोर तीस-पस्तीस पेशंट, त्यात एखादी डिलिव्हरी, आणि पावसात साप चावलेला आला की पळापळ. जीआर वरून येतो, आम्ही खाली सही करतो. धोरण वगैरे आमचं काम आहे का? आणि असलं तरी आमचं ऐकणार कोण?
– अधिपरिचारिका, दापोली तालुका

तुला अगं-तुगं केलं तर चालेल ना, माझ्या मुलीच्या वयाची असशील. तुझं पत्र मी दोनदा वाचलं, आणि त्यातल्या सापाच्या उल्लेखावरून मला माझी एक नाइट आठवली, आधी ती सांगते.

लावणीचे दिवस होते, रात्री साडेदहाच्या सुमारास एका शेतकऱ्याला आणलं, पायाला चावा, घरच्यांनी सांगितलं फुरसं होतं. आपल्या कातळावर फुरशी किती ते तुला सांगायला नको. फुरशाचं किंवा घोणसाचं विष रक्तात भिनलंय का ते बघायची आपली वीस मिनिटांची टेस्ट तू शेकडो वेळा केली असशील: दोन मिली रक्त काचेच्या स्वच्छ कोरड्या नळीत घ्यायचं, वीस मिनिटं अजिबात हलवायचं नाही, मग एकदाच तिरकी करून बघायची, गुठळी धरली असेल तर ठीक, पाण्यासारखं वाहिलं तर प्रतिविष सुरू. त्या रात्री ट्रेमध्ये काचेची नळी नव्हती, संपली होती, स्टोअरमधून प्लॅस्टिकच्या आल्या होत्या. मी घेतली प्लॅस्टिकची. वीस मिनिटांनी तिरकी केली तर रक्त वाहिलं. डॉक्टर नवीन होते, म्हणाले चला, एएसव्ही (म्हणजे प्रतिविष) लावू. माझं मन काही मानेना, पेशंटच्या हिरड्यांतून रक्त नाही, लघवी साफ, चाव्याच्या जागी सूज नावाला. मग मी माझंच दोन मिली रक्त काढायला लावलं आणि तसल्याच दुसऱ्या प्लॅस्टिकच्या नळीत ठेवलं. वीस मिनिटांनी माझंही रक्त वाहिलं! मला तर साप चावला नव्हता. काचेच्या स्पर्शाने रक्त गोठायला सुरुवात होते, प्लॅस्टिकमध्ये ती नीट होत नाही, म्हणून टेस्ट फसते, साबणाने धुतलेल्या नळीतही तसंच. लॅबच्या कपाटातून एक काचेची नळी शोधून आणली, त्यात पेशंटचं रक्त व्यवस्थित गोठलं. रात्रभर पुन्हा पुन्हा टेस्ट करत बसलो, दर वेळी गुठळी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माणूस चालत घरी गेला. गरज नसताना प्रतिविष दिलं असतं आणि त्याची रिअॅक्शन आली असती तर, या विचाराने आजही काटा येतो.

आता मुद्दा पुढचा आहे. सकाळी मी रिपोर्ट बुकात लिहिलं, तोंडी इनचार्ज सिस्टरना सांगितलं, त्या म्हणाल्या लिहून ठेव, पुढे बघू. पुढे कोणी बघत नसतं, हे तुला माहीत आहे आणि मलाही होतं. म्हणून मी एका कागदावर चारच गोष्टी लिहिल्या, काय झालं, का झालं, काय हवं (प्रत्येक इमर्जन्सी ट्रेमध्ये काचेच्या नळ्या, जूनच्या आधी) आणि त्याला खर्च किती, तर तो अगदीच किरकोळ. आवक नंबर घेतला. पहिल्या महिन्याच्या मीटिंगला विषय निघालाच नाही, दुसऱ्या महिन्यात मी उभी राहून विचारलं, तिसऱ्या महिन्यात इंडेंटवर, म्हणजे सामानाच्या मागणीपत्रावर, काचेच्या नळ्यांची ओळ आली आणि मग तालुक्यातल्या बाकी ठिकाणीही तीच यादी गेली. धोरण म्हणजे मंत्रालयात जाड चष्मा लावून कोणीतरी लिहिलेला कागद असं आपल्याला वाटतं, पण तो कागद शेवटी अशाच ओळींचा बनतो, आणि काचेची नळी हवी की प्लॅस्टिकची चालेल हे मंत्रालयात बसून कळत नाही गं. ते ट्रेसमोर उभं राहणाऱ्या बाईलाच कळतं.

सापाचंच घे. मार्च २०२४ मध्ये केंद्राने सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा आणला, २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे असं त्यात उद्दिष्ट आहे, आणि त्याच वर्षाअखेर राज्यांना पत्र गेलं की सर्पदंश हा नोंद करणं बंधनकारक असलेला आजार करा. म्हणजे काय, तर आता किती प्रतिविष कुठे ठेवायचं हे ठरणार नोंदीवरून, आणि ती नोंद कोण करतं? कॅज्युअल्टीत रात्री अडीच वाजता तू करतेस. तू ‘अननोन बाइट’ लिहून मोकळी झालीस तर तुझ्या तालुक्यात साप चावतच नाहीत असं वरच्या कागदावर दिसणार. तेव्हा धोरण तुझं काम आहे का असं विचारतेस तर माझं उत्तर असं आहे की तू ते रोज करतेच आहेस, फक्त तुला कोणी तसं सांगितलेलं नाही.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटलं की आपण दिवा घेतलेली बाई एवढंच शिकतो, परिचारिका दिनाला फोटोला हार घालतो. पण तिने क्रायमियाच्या युद्धावरून परत आल्यावर उरलेलं आयुष्य काढलं ते कागदावर. हिंदुस्थानात ती कधी आलीच नाही, तरी १८५९ साली इथल्या लष्कराच्या आरोग्यासाठी जो रॉयल कमिशन नेमला गेला त्यासाठी तिने इथल्या एकेका छावणीला छापील प्रश्नावल्या धाडल्या, पाणी कुठून येतं, गटार कुठे जातं, बराकीत किती माणसं झोपतात, सगळं विचारलं. १८६३ ला अहवाल आला, तेव्हा हजारी ६९ सैनिक मरत होते, दहा वर्षांनी तो आकडा १८ वर आला असं तिने नोंदवलंय. सरकार हललं ते तिच्या आकड्यांमुळे. हे आपल्याला ट्रेनिंगमध्ये कोणी नीट शिकवलं नाही याचा मला खरंच राग येतो.

आणि तुझे ते तीस-पस्तीस पेशंट. भारतीय परिचर्या परिषदेचा नियम काय सांगतो, शिकवणाऱ्या हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डात ३ पेशंटमागे १ नर्स, इतर ठिकाणी ५ मागे १, आयसीयूत १ ला १. तो कागदावरच आहे हे मी तुला सांगायची गरज नाही. पण याच प्रश्नावर अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या नर्सेसनी वर्षानुवर्षं लढून १९९९ ला कायदा करून घेतला, २००४ पासून तिथल्या हॉस्पिटलना एका नर्सकडे ठरलेल्या संख्येपेक्षा जास्त पेशंट देताच येत नाहीत. त्याला आधार अभ्यासाचाही मिळाला, २००२ मध्ये नर्सिंगच्या संशोधक लिंडा एकन आणि तिच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की सर्जरीच्या वॉर्डात नर्समागे एकेक पेशंट वाढला की ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता साधारण ७ टक्क्यांनी वाढते. म्हणजे दमणूक हा फक्त आपला त्रास नाही, पेशंटच्या जिवाचा प्रश्न आहे, आणि तो तसाच मांडला पाहिजे. ‘आमच्यावर लोड आहे’ म्हटलं की साहेब म्हणतात सगळ्यांवरच आहे. ‘या महिन्यात इतक्या नाइटना पाच मागे एकच्या जागी तीस मागे एक होती, आणि त्या नाइटना हे हे झालं’ असं लिहिलंस तर त्याला उत्तर द्यावं लागतं.

एक वही कर. फार नको, रोज तीन रकाने, ड्युटीवर किती नर्स, किती पेशंट, काय राहून गेलं (बीपी बघायचं राहिलं, कूस बदलायची राहिली, जे असेल ते). पेशंटचं नाव लिहू नकोस. तीन महिन्यांनी त्याची बेरीज इनचार्जसोबत बसून कर आणि अधिसेविकांमार्फत (मेट्रनमार्फत) हॉस्पिटलच्या रुग्ण कल्याण समितीपुढे ठेव, एकटीच्या सहीने नको, चौघींच्या सहीने. ऐकतीलच असं मी म्हणत नाही. माझ्या सर्व्हिसमध्ये पाच अर्जांतले दोन लागले असतील. पण ते दोन लागले.

प्रश्न: सिस्टर, आमका कोण इचारता? दिवसभर वाड्यांनी फिरान येतंय आणि रात्री मोबाईलवर नोंदी भरतंय. माहिती सगळी वर जाते, परत काहीच येत नाही. उपकेंद्राला लोकसंख्या कमी म्हणून दुसरी सेविका मिळत नाही म्हणतात.
– आरोग्य सेविका, मालवण तालुका

बाय माझे, हे दुखणं सगळ्या किनाऱ्याचं आहे. माहिती वर जाते आणि परत येत नाही हे अगदी खरं, आणि ते चूक आहे, ज्या बाईने आकडा गोळा केला तिला त्या आकड्याचं काय झालं हे कळलंच पाहिजे, हा तिचा हक्क आहे असं मी मानते. दर महिन्याच्या सभेत एकच प्रश्न विचारत जा, आम्ही मागच्या महिन्यात दिलेल्या माहितीवरून काय ठरलं? नुसतं विचारत राहिलीस तरी फरक पडतो.

लोकसंख्येचं मात्र नीट समजून घे. उपकेंद्राचा निकष सपाटीवर ५,००० लोकांमागे १ आणि डोंगराळ, आदिवासी, अवघड भागात ३,००० मागे १, प्राथमिक केंद्राचा ३०,००० आणि २०,०००. डोंगराळ भागाचा हा कमी आकडा का आला, तर कोणीतरी चालून बघितलं असणार म्हणून. माणसं मोजून काम कळत नाही, अंतर मोजावं लागतं. आपल्याकडे एक गाव म्हणजे दहा वाड्या, मध्ये पऱ्या म्हणजे ओढा, पलीकडे सडा म्हणजे कातळाचं पठार, एका वाडीतनं दुसऱ्या वाडीत जायला साकव म्हणजे छोटा पूल, आणि तो साकव जुलैत वाहून गेला की समोर दिसणाऱ्या घरात जायला पाऊण तासाचा वळसा. हे रजिस्टरमध्ये कुठे येतं? कुठेच नाही, तो रकानाच नाही. मग शेरा असतो ना शेवटी, त्यात लिही. ‘लसीकरण झाले नाही’ एवढंच न लिहिता ‘साकव तुटल्याने पोचता आले नाही, तारीख अमुक’ असं लिही. एक पावसाळा असं लिहिलंस तर मागणी करताना तुझ्या हातात कागद असेल, ग्रामपंचायतीच्याही कामाचा, कारण साकवाचे पैसे आरोग्य खातं देत नाही.

पावसाळ्यात लेप्टोच्या, म्हणजे चिखल-पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाच्या, गोळ्यांचंही तेच. भातखाचरात गुडघाभर चिखलात उभं राहणाऱ्यांना तो टाळायला डॉक्सीची (डॉक्सीसायक्लिन) गोळी द्यायची तर लावणीच्या आधी हातात हवी, लावणी संपल्यावर स्टॉक येऊन उपयोग काय. लावणी केव्हा सुरू होते ते तुझ्या वाडीत तुला माहीत, त्याप्रमाणे मागणीची तारीख तूच ठरवून लेखी दे, मे महिन्यात.

आणि गडचिरोली-नंदुरबारकडे माहेरघर नावाची सोय आहे ती ठाऊक असेल, दिवस भरत आलेल्या बाईला आरोग्य केंद्राजवळ आधीच आणून ठेवायचं. लांबच्या पाड्यांतल्या बायका कळा सुरू झाल्यावर पोचत नाहीत म्हणून ती सोय झाली. खाडीपलीकडच्या, होडीवर अवलंबून असलेल्या वाड्यांना असं काही हवंय का, हे तू सांगू शकतेस, मी इथे बसून नाही सांगू शकत.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक आहे. नर्सेसबद्दल आदर आहे, पण तुम्ही धोरणाचं बोलता आणि आम्हाला दिसतो तो संप. संपाने पेशंटचे हाल होतात. हा कुठला धोरणात सहभाग? शिवाय माझी पुतणी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) होऊन खासगीत लागली, तिला पगार इतका कमी की सांगायची लाज वाटते, यावर काही नियम आहे का?
– एक वाचक, चिपळूण

गुरुजी, तुमचा प्रश्न सरळ आहे म्हणून सरळच उत्तर देते. संपात पेशंटचे हाल होतात हे मला मान्य आहे आणि संपावर बसलेल्या एकाही नर्सला ते सुखाचं वाटत नाही. पण मुंबईच्या केईएमचं उदाहरण तुम्हाला आठवत असेल, आपल्या कोकणातल्या घराघरातलं कोणी ना कोणी परळ-लालबागला राहून त्या हॉस्पिटलात जाऊन आलंय. नोव्हेंबर १९७३ मध्ये अरुणा शानबाग या तिथल्या नर्सवर हॉस्पिटलातच अत्याचार झाला, ती शुद्ध हरपून कायमची अंथरुणाला खिळली, त्यानंतर मुंबईतल्या नर्सेस संपावर गेल्या, मागणी होती सुरक्षिततेची आणि कामाच्या बऱ्या परिस्थितीची. पुढे १९८० च्या दशकात तिचा बेड रिकामा करून तिला दुसरीकडे हलवायचं घाटत होतं, तेही नर्सेसनीच अडवलं. आणि मग चार दशकांहून जास्त काळ, मे २०१५ मध्ये ती जाईपर्यंत, पिढ्यामागून पिढ्यांनी तिला जपलं, भरवलं, पुसलं. सुप्रीम कोर्टासमोर तिच्या दयामरणाचा अर्ज आला, त्यावर मार्च २०११ मध्ये निकाल देताना कोर्टाने सांगितलं की तिच्या वतीने बोलायचा अधिकार तिला रोज सांभाळणाऱ्या केईएमच्या स्टाफचा. अर्ज नामंजूर झाला, पण त्याच निकालात निष्क्रिय दयामरणाची, म्हणजे जगवून ठेवणारे उपचार थांबवण्याची, पद्धत देशात पहिल्यांदा घालून दिली गेली. कोणत्याही समितीवर नसलेल्या बायकांचं म्हणणं देशाच्या कायद्यात असं पोचलं. निकालाबद्दल लोकांची मतं वेगळी असतील, असू देत, मला एवढंच दिसतं की जिने अंग पुसलं तिला कोर्टाने विचारलं.

पुतणीच्या पगाराचं: जानेवारी २०१६ मध्ये नर्सेसच्या राष्ट्रीय संघटनेच्या, म्हणजे १९०८ पासून चालत आलेल्या ट्रेन्ड नर्सेस असोसिएशनच्या, अर्जावर सुप्रीम कोर्टाने केंद्राला समिती नेमायला सांगितलं. समितीने शिफारस केली की २०० हून जास्त बेडच्या खासगी हॉस्पिटलने राज्य सरकारी नर्सइतका पगार द्यावा, १०० ते २०० बेड असतील तर फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० असतील तर २५ टक्के कमी, आणि ५० च्या आतल्यांनीही महिना २०,००० च्या खाली देऊ नये. शिफारस आहे, ती राबवायची राज्यांनी. केरळात नर्सेस रस्त्यावर उतरल्या आणि २०१८ ला तिथे किमान वेतनाची अधिसूचना निघाली, म्हणजे बघा परत संपाचंच नाव आलं. पुतणीला सांगा, नेमणुकीचं पत्र आणि पगाराची स्लिप मागून घे, कौन्सिलचं रजिस्ट्रेशन वेळेवर रिन्यू कर, आणि एकटी भांडू नकोस, संघटनेची मेंबर हो. आणखी एक, ऑगस्ट २०२३ मध्ये नवा परिचर्या व प्रसविका आयोगाचा कायदा झालाय, १९४७ चा जुना कायदा जाऊन हा येणार, राष्ट्रीय आयोगात २९ सदस्य आणि अध्यक्ष नर्सिंगमध्ये पदव्युत्तर शिकलेला, किमान २० वर्षांचा अनुभव असलेला हवा असं त्यात लिहिलंय, राज्यातही आयोग व्हायचाय. हे चांगलं आहे. पण त्या खुर्च्यांवर बसणारी माणसं वॉर्डातून आलेली असावीत, नुसती कॉलेजांच्या ऑफिसातून आलेली नकोत, आणि गावपातळीवर काम केलेली एक तरी असावीच, असं माझं ठाम मत आहे आणि ते मी संबंधितांना लेखी कळवणार आहे. तुम्ही मराठीचे शिक्षक असाल तर मसुदा तपासून द्याल का?

प्रश्न: आमच्या ग्रामपंचायतीला उपकेंद्रासाठी काहीतरी करायचंय. गणपतीला चाकरमानी येतात तेव्हा वर्गणीही जमते. बीपी मशीन घ्यावं की बाहेर पेव्हर ब्लॉक घालावेत यावर सदस्यांत एकमत होत नाहीये.
– सरपंच, राजापूर तालुका

सरपंच साहेब, दोन्हीपैकी काय ते सदस्यांना न विचारता सिस्टरना विचारा. खरंच, त्या कदाचित तिसरंच सांगतील, बाथरूमला पाणी नाही, रात्री लाइट गेली की डिलिव्हरी टॉर्चवर होते, इन्व्हर्टर हवा, असं काही. उपकेंद्र आता आयुष्मान आरोग्य मंदिर झालं असेल तर तिथली जन आरोग्य समिती आहे, तिचे अध्यक्ष तुम्हीच आहात, समुदाय आरोग्य अधिकारी सचिव, तिची बैठक खरोखर लावा, नुसती रजिस्टर फिरवून सह्या नकोत.

आणि ग्रामसभेत आरोग्याचा विषय पहिला घ्या. आमच्या वेळी तो कायम शेवटी यायचा, पाणी, रस्ता, घरपट्टी यावर दोन तास गेल्यावर, तोपर्यंत बायका घरी गेलेल्या असायच्या आणि सिस्टर खुर्चीच्या कडेला बसून घड्याळ बघत असायची कारण शेवटची एसटी चुकायची. २ ऑक्टोबरच्या सभेला तिला अकराची वेळ द्या, दहा मिनिटं सलग बोलू द्या, मध्ये कोणी उठू नका, आणि ती जे सांगेल ते ग्रामसेवकांना तिच्याच शब्दांत इतिवृत्तात लिहायला लावा.